वाडा किती जुना, आणि आता त्याचे काय करावे : वाचकांचे प्रश्न

पुण्यातील जुन्या वाड्यांविषयी आणि त्या निमित्ताने एकूणच मराठी घरबांधणीविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार दिलेली नाहीत.

प्रश्न : सदाशिव पेठेत आमचा वडिलोपार्जित दुचौकी वाडा आहे. तो पेशवाईतला असल्याचे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते, पण तसा एकही कागद आमच्यापाशी नाही. दर्शनी भागाला बिडाचा कठडा व रंगीत काचा आहेत, तर मागच्या चौकातले खांब जाड आणि अगदी साधे आहेत. माझ्या दोन्ही चुलत्यांचे म्हणणे असे की हा काही खरा पेशवेकालीन वाडा नव्हे, तेव्हा तो पाडायला हरकत नसावी. वाड्याचे वय कसे ठरवावे आणि जतनाशी त्या वयाचा कितपत संबंध असतो?

उत्तर : आपल्या पत्रातच निम्मे उत्तर आले आहे. आपला दर्शनी भाग आणि मागचा चौक एका वेळचे नाहीत, आणि पेठांतील बहुतेक वाड्यांची स्थिती अशीच आहे. लाकूड, माती आणि चुना यांनी उभी राहिलेली वास्तू एकदा बांधून कायमची संपत नाही. एखाद्या पिढीत एक सोपा, म्हणजे चौकाभोवतीची पडवी, वाढतो, एखादी तुळई, म्हणजे छताचा भार घेणारे आडवे लाकूड, बदलली जाते, कधी पुढचा भाग उतरवून त्या काळच्या चालीप्रमाणे नव्याने उभारला जातो. खुद्द शनिवारवाड्याचे काम १० जानेवारी १७३० रोजी सुरू होऊन २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली, तरी त्यानंतरच्या पेशव्यांनी त्यात भर घालणे थांबवले नाही. दुसऱ्या बाजीरावांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळाला आणि पुन्हा बांधला गेला. म्हणून वाड्याचे वय एका आकड्यात विचारण्यापेक्षा त्याचा कोणता भाग केव्हाचा, असे विचारणे योग्य ठरते.

तपासणी मागच्या चौकापासून सुरू करावी, कारण हौसेचे आणि प्रतिष्ठेचे बदल रस्त्याच्या बाजूला होतात आणि मागची बाजू बहुधा जुनीच राहते. आधी खांबाच्या पायाशी पाहावे. काळ्या पाषाणाचा घडीव तळखडा आणि त्यावर सागवानी खांब ही जुनी रीत आहे; दगडामुळे लाकूड जमिनीच्या ओलीपासून वर राहते. नंतर चांगली बॅटरी घेऊन कडीपाटाची खालची बाजू न्याहाळावी. तुळयांवर जवळजवळ बसवलेल्या कड्या, त्यांवर पाट, पाटांवर मातीचा थर आणि त्यावर जमीन, अशी ही बांधणी असते. एखाद्या तुळईच्या अंगावर कशाच्याही उपयोगाच्या नसलेल्या रिकाम्या खाचा दिसल्या, तर ते लाकूड आधी दुसऱ्या इमारतीत होते असे समजावे. सागवान महाग होते, त्यामुळे पडलेल्या वाड्याचे लाकूड नव्या वाड्यात येणे ही सर्रास चालणारी गोष्ट होती; तेव्हा तुळई जुनी म्हणून भिंतही तितकीच जुनी, असा निष्कर्ष काढू नये. खिळे पाहावेत. लोहाराने घडवलेल्या खिळ्याचा बुंधा चौकोनी आणि असमान असतो. गोल बुंध्याचे, एकसारखे, तारेपासून केलेले खिळे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येऊ लागले. गिलावा निघालेल्या जागी विटा मोजाव्यात. पेशवाईतील विटा पातळ असतात, इंग्रजी अमदानीतील नऊ इंची विटा जाड.

येथून पुढे रेल्वे आपल्याला पुष्कळ मदत करते. आगगाडी पुण्यात १८५८ साली आली आणि तीच वाट पुढे सोलापूरवरून १८७१ साली रायचूरला पोचली. शहाबाद या मार्गावर आहे. त्यामुळे आपल्या सोप्यात शहाबादी फरशी असेल, तर ती त्या सुमाराच्या नंतरची मानण्यास हरकत नाही. तिच्याखाली बहुधा सारवणाची जमीन सापडेल. मंगलोरी कौलांचीही गोष्ट अशीच आहे. बासल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना १८६५ साली काढला आणि त्यानंतर हळूहळू आपल्याकडची नळीची कौले छपरांवरून उतरू लागली. येथे एक सावधगिरी बाळगावी. काही कौलांच्या अंगावर १८६५ हा आकडा छापलेला आढळतो आणि घरमालक मोठ्या आनंदाने ते घराचे वय धरतात. प्रत्यक्षात ते कारखान्याच्या स्थापनेचे वर्ष असते. आपल्या वाड्याचा बिडाचा कठडा आणि रंगीत काचा मला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांकडे नेतात. भिंतीत कोठे सिमेंट असेल, तर ते काम विसाव्या शतकातले, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या वाड्यात हौद आहे किंवा कसे, हे आपण लिहिलेले नाही. असल्यास त्याला पाणी कोठून येत होते ते अवश्य शोधावे. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत बांधीव नळ आणला. त्यावर ठिकठिकाणी दाब मोकळा करणारे उच्छ्वास होते आणि त्याच्या पाण्यावर सार्वजनिक व खाजगी हौद भरत. हौदात शिरणारा जुना दगडी किंवा खापरी नळ आढळला, तर तो वाड्याच्या वयाचा भक्कम पुरावा ठरू शकतो. तो बुजवू नये.

कागदांच्या बाबतीत नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिकेचा जुन्यात जुना उतारा काढावा आणि त्यावरील नावांचा माग मागे नेत जावा. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे, आणि १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही कागदपत्रांचा मोठा संग्रह आहे. यातील बराच भाग मोडीत आहे, म्हणून मोडी जाणणारी व्यक्ती सोबत घ्यावी. मूळ मालकाचे आडनाव आणि पेठ हाताशी असली, तरच शोधाला दिशा मिळते.

आता आपल्या चुलत्यांच्या म्हणण्याविषयी. ते मला मान्य नाही आणि का नाही ते स्पष्ट लिहितो. १८०२ साली यशवंतराव होळकरांनी पुणे जिंकल्यावर शहर लुटले गेले, १८१८ नंतर दरबार संपल्याने पेठा ओस पडल्या, १८५८ नंतर रेल्वेने नवा व्यापार व नवा पैसा आणला, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती बसवल्या. जो वाडा या सगळ्यांतून तगला, त्याच्या अंगावर या सगळ्यांच्या खुणा असणारच. मागच्या चौकातील साधे खांब आणि पुढचा बिडाचा कठडा हे दोन्ही मिळून आपल्या घराण्याचा आणि पेठेचा इतिहास होतो. त्यातला एकच तुकडा खरा आणि दुसरा भेसळ, असे म्हणता येत नाही. १८१८ पूर्वीचे ते जपण्याजोगे आणि नंतरचे पाडण्याजोगे ही फूटपट्टी लावली, तर आज आपण ज्यांना वाडे म्हणतो त्यांपैकी फारच थोडे उरतील.

प्रश्न : आमच्या शनिवार पेठेतील वाड्याच्या तळमजल्यावर काही वर्षांपूर्वी जुना चुन्याचा गिलावा काढून सिमेंटचा केला. आता कमरेइतक्या उंचीपर्यंत ओल चढली असून पापुद्रे सुटत आहेत आणि भिंतीवर पांढरी भुकटी येते. ठेकेदार जलरोधक रसायनाचा थर लावण्यास सांगतो. लावावा का?

उत्तर : लावू नये. ओल भिंतीत अडकली आहे आणि तो थर तिला आणखी अडकवील.

आपली भिंत विटा, माती आणि चुन्याची आहे. अशी भिंत जमिनीतून थोडे पाणी नेहमीच शोषून घेते आणि चुन्याच्या सच्छिद्र गिलाव्यातून ते हवेत सोडून देते. सिमेंटचा गिलावा घट्ट असल्याने पाण्याची ही वाट बंद होते. मग ते बाहेर पडण्यासाठी वर चढते आणि जेथे गिलावा संपतो तेथून निघते. पाण्याबरोबर आलेले क्षार पृष्ठभागापाशी साचून स्फटिक होतात व विटेचा कण न्‌ कण सुटा करतात. जुने गवंडी याला लोणा लागला असे म्हणतात. भिंतीत जर तुळईचे टोक असेल, तर विटेपेक्षाही त्याची चिंता अधिक आहे, कारण भिंतीत दडलेले ते टोक सतत ओलीत राहून आतून कुजते आणि बाहेरून काही दिसत नाही. छोट्या हातोडीने टोक वाजवून पाहावे. खणखणीत लाकूड आणि बद्द वाजणारे लाकूड यांतला फरक कोणालाही कळतो. टोक कुजले असल्यास सबंध तुळई बदलण्याची गरज नसते. कुजका भाग कापून त्या जागी त्याच जातीच्या सुक्या लाकडाचा जोड देणारे सुतार अजून आहेत.

उपाय करण्याआधी पाणी कोठून येते ते पाहावे लागेल. पुण्याच्या पेठांत एक कारण जवळपास प्रत्येक वाड्याला लागू पडते, ते म्हणजे रस्ता. दर वेळी जुन्या थरावर नवा थर टाकून रस्ता इतका वर आला आहे की पूर्वी दोन-तीन पायऱ्या चढून ज्या जोत्यावर जावे लागे, ते आज रस्त्याच्या पातळीला किंवा त्याखाली गेले आहे. दगडी जोते भिंतीला जमिनीच्या पाण्यापासून दूर ठेवण्यासाठी असते. ते गाडले गेले की मातीची भिंत थेट पाण्याला भिडते. रस्ता आपल्या हातात नाही, पण भिंतीलगत हातभर रुंदीचा चर खणून, त्यात खडी भरून, त्याला उतार देऊन पाणी गटाराकडे नेणे आपल्या हातात आहे. चौकातून पावसाचे पाणी नेणारी जुनी मोरी तुंबली आहे का, पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या पायाशीच पडते का, आणि वरच्या मजल्यावर नंतर काढलेल्या न्हाणीघराचा पाइप भिंतीत फुटला आहे का, हेही याच वेळी पाहावे. कडीपाटावर न्हाणीघर आणि शौचालय काढणे ही गेल्या काही दशकांत वाड्यांना लागलेली सर्वांत घातक सवय आहे.

त्यानंतर सिमेंटचा गिलावा ओल जेथवर चढली आहे त्याच्या वर हातभर उंचीपर्यंत हलक्या हाताने काढावा आणि भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी ठेवावी. या थांबण्याचा घरातल्यांना कंटाळा येतो, पण ते टाळून केलेला नवा गिलावा पुढच्या पावसाळ्यात सुटतो. नव्या गिलाव्यासाठी कळीचा चुना पाण्यात भिजवून काही आठवडे मुरू द्यावा, मग चाळलेली वाळू आणि विटांची सुरखी घालून तो नीट घोटावा. पूर्वी बैलाने ओढलेल्या घाणीत तो दळत. हिरडा, गूळ यांचे पाणी घालण्याचीही पद्धत होती. पातळ थर द्यावेत, प्रत्येक थर सावकाश वाळू द्यावा आणि त्याला थोडे थोडे पाणी मारत राहावे, कारण चुना हवेतील कर्बवायू घेऊन कठीण होतो आणि त्याला वेळ लागतो. वरून चुन्याचीच सफेदी द्यावी. तैलरंग किंवा प्लॅस्टिकचा रंग दिला, तर सिमेंट काढण्याचा खर्च पाण्यात गेला असे समजावे. हाच नियम लाकडालाही आहे. खांबांवरचे तैलरंगाचे थर काढून त्यांना जवसाचे तेल पाजावे.

प्रश्न : माझे वडिलांकडचे घर वाईत चौकाचे आहे आणि आजोळ राजापूरजवळ जांभ्याचे, उतरत्या छपराचे आहे. दोन्ही मराठी घरे, मग इतकी वेगळी कशी? पुण्याचा वाडा यांपैकी कोणत्या परंपरेतला?

उत्तर : मुख्य फरक पावसाचा आणि हाताशी मिळणाऱ्या दगडमातीचा आहे. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात सुमारे सातशे. कोकणातील घराला भिंतीपासून पाणी लांब फेकणारे उंच, उतरते छप्पर आणि सभोवती पडवी लागते. मधोमध उघडा चौक ठेवला, तर चार महिने तेथे तळेच व्हायचे. जांभा तेथे जमिनीतूनच निघतो, खाणीत मऊ असताना त्याचे चिरे कापता येतात आणि हवा लागली की ते कठीण होतात. घराभोवती आगर असल्याने उजेड व वारा चारही बाजूंनी येतो.

पुण्यातील किंवा वाईतील वाडा शेजारच्या घरांना पाठ लावून उभा असतो. रस्त्याकडे मजबूत दरवाजा, त्यात दिंडी, आत देवडी, मोजक्या खिडक्या. मग उजेड आणि वारा घेण्याची जागा घराच्या पोटातच करावी लागते, ती म्हणजे चौक. सभोवतीच्या सोप्यांना, ओसरीला, वरच्या दिवाणखान्याला त्याच्यातूनच उजेड मिळतो. उन्हाळ्याच्या दुपारी जाड भिंतींमुळे खाली गारवा राहतो आणि तापलेली हवा चौकातून वर निघून जाते. पुढचा चौक आल्यागेल्यांचा, कारभाराचा; मागचा स्वयंपाकघर, विहीर, धान्याची कोठी आणि घरातल्या बायकांचा. या रचनेचे कौतुक करताना मला एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. माजघरात आणि बाळंतिणीच्या खोलीत दिवसाही दिवा लागायचा, आणि दिवाणखान्यातली मोकळी हवा ज्यांना मिळत असे, त्यांच्यात घरातल्या स्त्रिया क्वचितच असत. वाडा जपायचा तर त्याची ही बाजूही सांगितली गेली पाहिजे.

पूर्वेकडे सोलापूर-मराठवाड्यात गेलात, तर तिसरा प्रकार दिसेल. पाऊस कमी, इमारती लाकूड दुर्मीळ, म्हणून सपाट माळवद आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, भिंती हात-दीड हाताहून रुंद. पुण्याचा वाडा देशावरच्या या बंदिस्त, चौक असलेल्या घराचाच वारसदार आहे, फक्त त्याचे छप्पर बहुतकरून कौलारू व उतरते आहे आणि सह्याद्री जवळ असल्याने लाकूड सढळ आहे. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणायचे आणि घर खणांत मोजायचे, ही रीत मात्र सगळीकडे सारखीच. भार लाकडी सांगाडा घेतो आणि भिंत बरीचशी भरावासारखी असते, हे या बांधणीचे मर्म आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि माळवदांचा मातीचा भार माणसांच्या अंगावर आला, पण नीट जोडलेल्या लाकडी खणांचे सांगाडे कित्येक ठिकाणी उभे राहिले.

पुण्याने यात एक भर घातली ती दरबारामुळे. मराठी फौजा उत्तरेत गेल्या, तिथले महाल पाहून आल्या, आणि सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते खांब, त्यांना जोडणाऱ्या कमलाकृती महिरपी, कारंजी हे सारे पेशव्यांच्या व सरदारांच्या वाड्यांत आले. आपण वाईचेच आहात, तेव्हा जवळच मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा व त्याच्या मागचा कृष्णेवरचा घाट पाहिला असेल; तो पाहून पुण्यात नानावाड्यातील सुरूचे खांब आणि विश्रामबागवाड्याचा दर्शनी भाग पाहावा. एकाच परंपरेतील गावचा वाडा आणि शहरातला वाडा शेजारी ठेवल्यासारखे होईल.

प्रश्न : आमचा वाडा कसबा पेठेत शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या आत आहे. तीन भाडेकरू जुन्या भाड्याने राहतात. महापालिकेने वाडा धोकादायक असल्याची नोटीस दिली आहे. नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीला पैसे नाहीत. आम्ही काय करावे?

उत्तर : आपली अडचण खरी आहे आणि ती आपण निर्माण केलेली नाही. शनिवारवाडा केंद्र सरकारचे संरक्षित स्मारक असल्याने २०१० साली सुधारलेल्या कायद्याप्रमाणे त्याच्या हद्दीपासून शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही, आणि त्यापुढील दोनशे मीटरमध्ये परवानगीने करता येते. मात्र शंभर मीटरच्या आतही १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीची दुरुस्ती व नूतनीकरण करता येते, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून आधी परवानगी घ्यावी लागते. पुष्कळ मालक शंभर मीटरमध्ये खिळाही ठोकता येत नाही असे समजून हात बांधून बसतात आणि तेवढ्यात वाडा पडतो. वाडा पडला की दुरुस्तीचा हक्क सांगायला इमारतच उरत नाही, म्हणून आपल्या बाबतीत दुरुस्ती लांबवणे सर्वांत महाग पडेल.

नोटिशीला उत्तर देताना लाकडी व चुन्याच्या बांधकामाचा अनुभव असलेल्या संरचना अभियंत्याचा अहवाल जोडावा. केवळ काँक्रीटच्या इमारती हाताळणारे अभियंते तुळई थोडी वाकली की संपूर्ण वाडा धोकादायक ठरवतात. लाकूड वाकते आणि वाकूनही अनेक दशके भार घेते, हे ज्याला माहीत आहे असा माणूस हवा. त्याने कोणता भाग तातडीने टेकू देण्याजोगा, कोणता उतरवण्याजोगा आणि कोणता सुरक्षित, हे खोलीवार लिहून द्यावे. ज्या खोल्या खरोखर धोक्याच्या आहेत, त्या मात्र पावसाळ्याआधी रिकाम्या करणे हे मालक आणि भाडेकरू दोघांचेही कर्तव्य आहे.

भाड्यांचा प्रश्न १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यापासून चालत आला आहे. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यानेही जुन्या भाडेकरूंना संरक्षण दिले आहे आणि दुरुस्तीची जबाबदारी मालकावर ठेवली आहे. महिन्याला मिळणाऱ्या त्या भाड्यात एका खोलीची कौलेही परतता येत नाहीत, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. तरीही भाडेकरूंना विरोधी पक्ष मानू नये. वाडा पडला तर त्यांचेही छप्पर जाणार आहे. दुरुस्तीचा खर्च वाटून घेऊन त्यांचा हक्क लेखी मान्य करणारा करार वकिलामार्फत करावा. आपला वाडा महापालिकेच्या वारसा यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, हेही विचारून घ्यावे. यादीतील वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे आपल्या जागेवर न वापरता येणारा बांधकामाचा हक्क दुसऱ्याला विकण्याची मुभा, देण्याची तरतूद नियमांत आहे आणि तिचा उपयोग दुरुस्तीचा पैसा उभा करण्यास होऊ शकतो. श्रेणी तीनच्या वास्तूंत आतले बदल करण्यास बरीच मोकळीक असते, त्यामुळे यादीत नाव आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

प्रश्न : नारायण पेठेतील आमच्या वाड्याचा विकास करार सर्व वारसांच्या सह्यांनी झाला आहे. मला तो मनातून पटलेला नाही, पण आता मागे फिरता येत नाही. जुन्या सामानाचे व्यापारी कोरीव खांब आणि दरवाजा विकत मागत आहेत. वाडा पाडण्यापूर्वी काय जपता येईल?

उत्तर : आपल्या पत्रातील वेदना मी समजू शकतो. दर वर्षी असे वाडे जात आहेत आणि त्यांतले बहुतेक एकही रेषा कागदावर न उमटता जातात. ते तरी आपण थांबवू शकता.

सर्वांत आधी वाड्याची मोजणी करून घ्यावी. प्रत्येक मजल्याचा नकाशा, दोन्ही बाजूंनी घेतलेले छेद, दर्शनी भागाचे चित्र, आणि खांब, महिरप, दरवाजा, कोनाडे, फडताळे यांचे मोठ्या प्रमाणावरचे तपशील एवढे तरी हवेत. वास्तुकला महाविद्यालयांचे विद्यार्थी अशी मोजणी अभ्यासाचा भाग म्हणून करतात. प्राध्यापकांना विनंती केल्यास ते बहुधा आनंदाने येतील. छायाचित्रे घेताना प्रत्येक खोलीचा क्रमांक नकाशावर आणि छायाचित्रावर एकच ठेवावा, नाहीतर वर्षभराने कोणती खिडकी कोठली हे आपल्यालाही सांगता येणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना प्रत्येक खोलीत नेऊन तेथे काय होत असे ते त्यांच्या तोंडून ध्वनिमुद्रित करावे. कोणत्या कोनाड्यात गौरी बसत, धान्याची कोठी कोणत्या दिशेला होती, पुराच्या वेळी पाणी कोणत्या पायरीपर्यंत आले, हे नकाशात सापडत नाही.

व्यापाऱ्यांना सध्या थांबण्यास सांगावे. एकेक खांब वेगवेगळ्या उपाहारगृहांच्या आणि बंगल्यांच्या शोभेला गेला, की तो कोणत्या घरातला हेदेखील कोणाला कळत नाही. त्यापेक्षा विकसकाशी आत्ताच बोलावे. करार झाला असला तरी नकाशे मंजूर होईपर्यंत बोलण्यास जागा असते. माझी पहिली विनंती दरवाज्यासाठी किंवा खांबांसाठी नाही, चौकासाठी आहे. नव्या इमारतीतही मधोमध उघडा चौक ठेवता येतो, त्याभोवती जिने आणि गॅलऱ्या आखता येतात, आणि पेठेतल्या दाटीत शेजारच्या इमारतीला चिकटलेल्या खिडक्यांपेक्षा रहिवाशांना त्यातून अधिक हवा-उजेड मिळतो. एवढे मिळाले, तर सुरूचे खांब त्या चौकाच्या तळमजल्यावर, प्रत्यक्ष छप्पर पेलणाऱ्या सोप्यात उभे करावेत, केवळ काँक्रीटच्या खांबाला चिकटवलेली शोभा म्हणून नव्हे. तसे शक्य नसल्यास निदान एक संपूर्ण खण, म्हणजे चार तळखडे, चार खांब, महिरपी, तुळया आणि वरचा कडीपाट, एकत्र ठेवावा. कोथरूडचा मस्तानीमहाल राजा दिनकर केळकर संग्रहालयात पुन्हा उभारला गेला, तो सगळे भाग एका जागी राहिले म्हणूनच आज आपल्याला दालन म्हणून पाहता येतो. त्याचे खांब विखुरले असते, तर मागे काय उरले असते याची कल्पना करावी.

उतरवण्याचे काम पाडकामाच्या ठेकेदाराकडे देऊ नये. आधी सुताराकडून लाकडी भाग सोडवून घ्यावेत आणि मगच भिंतींना हात लावावा. प्रत्येक लाकडाला नकाशातील क्रमांकाचा पत्र्याचा बिल्ला तांब्याच्या तारेने बांधावा. खडूने लिहिलेले पहिल्याच पावसात जाते. सांध्यांतील लाकडी खुंट्या तोडू नयेत, विरुद्ध बाजूने हलकेच ठोकून काढाव्यात व ज्या सांध्याच्या त्याच पिशवीत ठेवाव्यात. लाकूड जमिनीवर न ठेवता विटांच्या ओळींवर, मध्ये पट्ट्या घालून, वारा खेळेल असे रचावे आणि वाळवीसाठी दर महिन्याला तपासावे. तळखडे विसरू नयेत. पाडकामात सगळ्यांत आधी तेच राडारोड्याबरोबर गाडीत भरले जातात.